शंभर फुटी रोडचा बॉक्सिंग क्लास: शिकवणं चोख, भिंतीवरचा क्रम साफ चुकीचा

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो भिंतीवर लावलेल्या महान बॉक्सरांच्या फोटोंच्या क्रमामुळे. का ते खाली सविस्तर लिहिते, कारण सरांना तोंडी सांगून झालं आहे आणि ते ऐकत नाहीत.

सांगलीत मुलीला बॉक्सिंगला घातलं म्हटलं की लोक आधी आपल्याकडे बघतात, मग पोरीच्या नाकाकडे. माझं माहेर कवठेपिरानजवळचं, म्हणजे हिंदकेसरी मारुती मानेंच्या भागातलं. त्यामुळे माहेरच्यांचं एकच पालुपद, "कुस्तीला घालायचं की, आपल्यात आहे ती." पण पोरीला ठोसेच मारायचे होते. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शंभर फुटी रोडला एका गॅरेजच्या वर पत्र्याची शेड आहे, खालच्या चहावाल्याला विचारलं की तो मानेनंच जिना दाखवतो.

आधी चांगलं. सर घाई करत नाहीत. सुरुवातीला ग्लोव्हज हातात मिळतच नाहीत. नुसते पाय, दोरीवरच्या उड्या आणि गार्ड, म्हणजे तोंडापुढे हात धरणं. बॅण्डेज स्वतःचं स्वतः बांधायला लावतात, अंगठ्यात अडकवून मनगटाला वेढे, मग बोटांच्या फटींतून. सैल बांधलं की न बोलता सोडायला लावतात. ठोसे मारायच्या टांगत्या बॅगेत कापडाच्या चिंध्या भरल्यात. अशा बॅगेत चिंध्या खाली बसतात आणि तळ दगड होतो, मग पोरांची मनगटं जातात. इथे ती वेळच्या वेळी खाली उतरवून मोकळी करून परत भरतात. एवढं करणारे कमी. फ्रीजमध्ये बर्फ असतो, मुलींच्या खोलीला आतून कडी आहे आणि मुलींच्या बॅचला सर दार उघडं ठेवूनच शिकवतात. आईला हे तीन मुद्दे फीपेक्षा महत्त्वाचे.

बॅगेवर ऑइलपेंटनं आकडे काढलेत. सर "पाच-दोन-तीन" ओरडतात आणि पोरं त्या-त्या जागी मारतात. ही कल्पना कस डी'अमाटो या अमेरिकन वस्तादाची, ज्यानं माइक टायसन घडवला. शेडमध्ये खांद्याच्या उंचीवर एक दोरी आडवी बांधली आहे. हात गालाला चिकटवून, गुडघ्यांत वाकत, एकदा दोरीच्या या अंगाला आणि एकदा त्या अंगाला डोकं काढत पुढे जायचं. सरांनी स्वतः करून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पाच फूट दहा इंचाचा टायसन त्याच्याहून ताडमाड माणसांच्या पोटाशी पोचायचा कसा. ठोसा डोक्यावरून जातो तोवर हा आत शिरलेला असतो, आधी बरगडीत हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, लगेच त्याच हातानं हनुवटीखाली अपरकट, म्हणजे खालून वर.

दाराशी खाशाबा जाधवांचा फोटो आहे, हार घातलेला. सर नव्या पोरांना सांगतात: १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी कुस्तीत कांस्य घेतलं, त्याच ऑलिम्पिकमध्ये फ्लॉइड पॅटरसननं बॉक्सिंगचं सोनं घेतलं. पॅटरसन डी'अमाटोचाच पठ्ठ्या. तो १९५६ ला एकविसाव्या वर्षी हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या वजनगटाचा, जगज्जेता झाला, सगळ्यांत लहान वयाचा. तो विक्रम मोडला त्याच वस्तादाच्या दुसऱ्या चेल्यानं, २२ नोव्हेंबर १९८६ ला, विसाव्या वर्षी. वस्ताद मात्र ते बघायला नव्हता, आदल्या वर्षीच गेला. हे सर फार छान सांगतात, पोरं दोरी सोडून ऐकत बसतात.

आता भिंत. समोरच्या भिंतीवर दहा महान हेवीवेट, फ्रेम करून, खाली क्रमांक. एक अली. दोन टायसन! मग जो लुईस, फोरमन, मार्सियानो, फ्रेझियर, होम्स, होलीफिल्ड, लेनॉक्स लुईस आणि लिस्टन.

सरांची बाजू अशी: १९८६ ते ८८ या काळात टायसनसमोर कोण उभं राहिलं सांगा. जगज्जेतेपदाचे तिन्ही पट्टे एकत्र केले. लॅरी होम्स चौथ्या फेरीत आडवा, तोवर कधीच न हरलेला मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत. खरं आहे. स्पिंक्सची ती लढत मी यूट्यूबवर बघितली. रिंगमध्ये येतानाच तो माणूस अर्धा हरलेला दिसतो. होम्सचं मात्र मी धरत नाही. तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि पावणेदोन वर्षं घरी बसून आला होता.

आमचे आबा फडाला घेऊन जायचे तेव्हा म्हणायचे, "उभा असतोय तवर समदेच पैलवान. खाली गेला की बघ काय करतोय." मी त्याच मापानं ही भिंत मोजली. अलीला १९६३ ला हेन्री कूपरनं पाडलं, पुढच्याच फेरीत अली जिंकला. जो लुईसला वॉलकॉटनं १९४७ ला दोनदा पाडलं, पट्टा लुईसकडेच राहिला, आणि एकूण पंचवीस वेळा त्यानं तो राखला. मार्सियानो १९५२ ला पहिल्याच फेरीत पडला, गुणांवर मागे होता, तेराव्या फेरीत वॉलकॉटला झोपवला. होम्सला अर्नी शेव्हर्सनं १९७९ ला असा मारला की तो परत उठतो हेच नवल. उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. फोरमन रॉन लाइलसमोर दोनदा पडून जिंकला. फ्रेझियर बोनाव्हेनासमोर तसाच. होलीफिल्ड बर्ट कूपरसमोर. लेनॉक्स लुईस दोनदा नॉकआउट झाला, पण दोघांनाही परत बोलावून हिशेब चुकता केला.

टायसन खाली गेला ती प्रत्येक लढत हरला. डग्लस, होलीफिल्ड, लेनॉक्स लुईस, पुढे डॅनी विल्यम्स. एकदाही उठून जिंकला नाही. ब्रुनोनं १९८९ ला पहिल्या फेरीत हलवला होता तेव्हा सावरला, तेवढं एक त्याच्या खात्यावर. टोकियोत ११ फेब्रुवारी १९९० ला बस्टर डग्लसला कोणी मोजतही नव्हतं, पैज एकास बेचाळीस. आठव्या फेरीत टायसननं त्याला पाडला, तो उठला. दहाव्या फेरीत टायसन पडला, हातापायांवर रांगत दातांवरची गमशील्ड शोधत होता आणि सापडल्यावर ती अर्धी बाहेर लोंबत होती. त्या रात्री त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांकडे डोळ्याची सूज दाबायचं लोखंडी साधनसुद्धा नव्हतं, रबरी हातमोज्यात पाणी भरून लावत बसले. आपल्या सरांची तयारी त्याहून बरी आहे, खरंच सांगते.

आणि परतीची लढत? होलीफिल्डशी १९९६ ला हरल्यावर १९९७ ला परत समोर आला आणि कान चावला. आखाड्यात कोणी चावला असता तर फडातल्या लोकांनीच बाहेर काढला असता.

वर सांगितलेले आठ जण आधी, त्यामुळे माझ्या हिशेबानं टायसन नववा. जॅक जॉन्सन, १९०८ चा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता, या भिंतीवर नाहीच. त्याला आत घेतलं तर टायसन दहावा आणि लिस्टन बाहेर.

हे झालं रिंगमधलं. दुसरी गोष्ट मी सरांना एकटं गाठून विचारली. १९९२ ला इंडियानापोलिसच्या कोर्टात अठरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केल्याबद्दल टायसन दोषी ठरला आणि तीन वर्षं तुरुंगात होता. गुन्हा त्यानं कधी कबूल केला नाही, पण ज्युरीचा निकाल तो निकाल. माझी पोरगी सतरा वर्षांची. तिच्या डोक्यावर हा दोन नंबरला?

सर म्हणाले, "मॅडम, ते रिंगबाहेरचं झालं. अलीवर नव्हता का खटला?"

होता. व्हिएतनाम युद्धाला जायला १९६७ मध्ये नकार दिला म्हणून. त्याचे साडेतीन वर्षांचे सामने गेले, नुकसान झालं ते त्याचं स्वतःचं, आणि १९७१ ला सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली. सर, ही दोन प्रकरणं एका तागडीत कशी घालता? यावर ते "बघू" म्हणाले. सांगलीत "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

फोटो काढून टाका असं माझं म्हणणं नाही. दोरीखालची ती चाल त्याच्याशिवाय शिकवता येणार नाही. नवव्या जागेवर न्या आणि हेलसिंकीची गोष्ट सांगता तशी इंडियानापोलिसच्या कोर्टाचीही सांगा. सतरा वर्षांच्या पोरी ऐकू शकतात. पोरीला विचारलं तर तिचं म्हणणं, "आई, फोटोपेक्षा आधी क्लासच्या ग्लोव्हजचा वास काढा."

तेही खरंच. सामायिक ग्लोव्हज पावसाळ्यात वाळत नाहीत, आत हात घालवत नाही. त्यामुळे स्वतःचे आणा. नव्या मुलींना बॅगेसाठी १२ औंसचे घ्या, चामड्याच्या नादी लागू नका. फी महिना बाराशे, मुलींची बॅच संध्याकाळी सहाला, रविवारी सुट्टी. गाडी गॅरेजसमोर लावू नका, खालचा मालक हवा सोडतो.