फुकटची खोली की स्वतःचं बिल?

२०१८ च्या जानेवारीत डब्लिनमधल्या एका हॉटेलमालकाने एका तरुण यूट्यूबर मुलीचा मेल फेसबुकवर टाकला. काही रात्री फुकट राहू द्या, बदल्यात व्हिडिओ आणि पोस्ट करते, एवढीच त्यात विनंती होती. मालकाने तिला नाव न घेता झोडपलं आणि वर सगळ्याच ब्लॉगरांना हॉटेलची दारं बंद केल्याचं जाहीर केलं. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला ही भीक आहे, दुसरा म्हणाला हा धंदा आहे, मागितलं तर बिघडलं काय. मला दोघेही भलत्याच मुद्द्यावर भांडताना दिसले. मागणं शोभतं की नाही, हे मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने बघून घ्यावं. त्या व्हिडिओच्या भरवशावर जो स्वतःचे पैसे भरून तिथे जाणार, त्याचं नावसुद्धा या भांडणात कुणी काढलं नाही.

तुम्ही प्रवासावर लिहीत असाल किंवा चॅनल चालवत असाल आणि पहिलं 'कोलॅब'चं, म्हणजे फुकट मुक्कामाच्या बदल्यात प्रसिद्धीचं आमंत्रण इनबॉक्समध्ये येऊन पडलं असेल, तर हे तुमच्यासाठी. मी तिन्ही प्रकारे राहिलोय: फुकट, 'मीडिया रेट'ने म्हणजे सवलतीत, आणि पूर्ण पैसे भरून. हल्ली बहुतेक वेळा भरूनच राहतो. पण फुकट राहणारे सगळे विकले गेलेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी सांगतो.

पैसे भरूनच लिहायचं असं उद्या सगळ्यांनी ठरवलं, तर महागड्या हॉटेलांवर फक्त पैसेवाले लिहितील. त्यांना जे खुपतं ते वर्षभर पगारातून साठवून एकदाच तिथे जाणाऱ्याला खुपेलच असं नाही, आणि उलटही. न्यूयॉर्क टाइम्स आपल्या प्रवास विभागासाठी लिहिणाऱ्या बाहेरच्या लेखकांनाही फुकट किंवा सवलतीत काही घेऊ देत नाही. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडचे निरीक्षक ओळख न देता जेवतात आणि बिल भरून निघतात. दोन्ही गोष्टी कौतुकाच्या, पण एकामागे मोठं वृत्तपत्र आहे आणि दुसऱ्यामागे टायरची अख्खी कंपनी. खोलीत बसून एकट्याने ब्लॉग चालवणाऱ्याला तीच फूटपट्टी लावणं थोडं अन्यायाचं वाटतं.

शिवाय बोलावलेल्या पाहुण्याला दारं उघडतात. स्वयंपाकघर बघता येतं, तळघरातली लाँड्री बघता येते, मालक निवांत बसून जागेचा इतिहास सांगतो. पैसे भरणाऱ्याला रिसेप्शनच्या पलीकडे कोण नेतंय? काही ब्लॉगरांचे लेख वाचनीय होतात ते याच जोरावर, आणि तिथे ते माझ्या पुढे आहेत हे मान्य करायला मला काहीच वाटत नाही.

हॉटेलच्या बाजूने पाहिलं तर हिशोब साधा आहे. आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. तुम्हाला तिच्यात ठेवलं तर हॉटेलला खर्च काय, चादरी धुणं, नाश्ता आणि थोडी वीज. त्या बदल्यात चार रील्स आणि एक लेख मिळत असेल तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते स्वस्तच. म्हणून आमंत्रण येतं ते बहुतेक ऑफ-सीझनला, आणि मेलच्या तळाशी 'ब्लॅकआउट डेट्स'ची, म्हणजे फुकट खोली मिळणार नाही अशा गर्दीच्या तारखांची यादी असते. त्या तारखा नीट बघा. तुमचा वाचक नेमका त्याच तारखांना जाणार असतो. तुम्ही पाहता तेव्हा पोहण्याचा तलाव मोकळा, नाश्त्याला वेटर तुमच्याच टेबलाभोवती, लिफ्ट लगेच येणारी. तुम्ही खरं तेच दाखवता, पण ते हॉटेल तुमच्या वाचकाच्या वाट्याला यायचं नसतं.

आता फुकट राहिल्याचं वाचकाला जाहीर करण्याबद्दल, कारण ही चर्चा कुठेही सुरू झाली की 'डिस्क्लोजर दिलं की झालं' या वाक्यावर येऊन संपते. द्यायला हवंच, त्यात वाद नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच ब्लॉगरांना याबाबतच्या आपल्या सूचनांच्या कक्षेत आणलं आणि २०२३ मध्ये त्या सूचना पुन्हा सुधारल्या. भारतात जाहिरातक्षेत्राच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेने २०२१ मध्ये नियम केले. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांमध्ये तर कोणते लाभ उघड करायचे याच्या यादीत सहली आणि हॉटेलमधला मुक्काम यांचा सरळ उल्लेख आहे. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाचा दंडक मला सगळ्यांत उपयोगी वाटतो: मोबदला मिळाला (फुकट मुक्काम हाही मोबदलाच) आणि मजकुरावर देणाऱ्याचं नियंत्रण असलं, की ती जाहिरात. तेव्हा करारात 'प्रसिद्धीपूर्वी मंजुरी' असलं काही दिसलं, म्हणजे आधी दाखवून मंजुरी घ्या अशी अट असली, तर तुम्ही परीक्षण लिहीत नाही, जाहिरात करताय. जाहिरात करण्यात पाप नाही, मग तिचे पैसे मात्र जाहिरातीचे घ्या.

पण जाहीर केल्याने सगळं धुऊन निघतं, हे मला पटत नाही. २००५ मध्ये डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बरणीत नाणी भरलेली, एकूण रक्कम किती ते ओळखायचं. ओळखणाऱ्यांना बरणी लांबून आणि थोडाच वेळ दिसायची. जवळून पाहिलेला सल्लागार त्यांना आकडा सुचवायचा. समोरच्याचा अंदाज जितका फुगेल तितका काही सल्लागारांचा फायदा होता. हा फायदा समोरच्याला सांगितला जाणार म्हटल्यावर सल्लागारांनी आकडा आणखी फुगवला, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून जेवढं वजा करायला हवं होतं तेवढं केलं नाही. एकदा 'मुक्काम हॉटेलच्या सौजन्याने' असं वर लिहून टाकलं की आपला हात थोडा सैल सुटतो, हे मी स्वतःच्या जुन्या लेखांत पाहू शकतो. विशेषणं वाढतात. 'बरा' असलेला नाश्ता 'भरगच्च' होतो. खोटं कुणीच लिहीत नसतं, फक्त खाल्ल्या मिठाला जागणं कळत-नकळत चालू असतं.

एवढं असूनही मी कदाचित फुकट राहत राहिलो असतो. ज्याने माझं ठरलं ती गोष्ट तशी क्षुल्लक आहे: फुकटच्या पाहुण्याला धड तक्रार करता येत नाही.

एका ठिकाणी असाच आमंत्रणावरून गेलो होतो. रात्री उशिरा बाथरूममधलं पाणी जाईना. शॉवरखालची जाळी तुंबलेली, पाणी उंबरठा ओलांडून गालिच्याकडे निघालेलं. पैसे भरले असते तर लगेच फोन उचलून दोन शब्द ऐकवले असते. इथे मी आधी स्वतःच टॉवेलांचा बांध घालून बसलो. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं कुणी मनात तरी म्हणेलच की! शेवटी टॉवेल संपले तेव्हा फोन केला. काही मिनिटांत ड्युटी मॅनेजर स्वतः हजर, मागे दोन माणसं. जाळी उघडण्याच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. माझ्या बॅगा उचलल्या आणि मला वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत नेऊन बसवलं. पाठोपाठ फळांची परडी आणि हाताने लिहिलेली माफीची चिठ्ठी.

सकाळी रिसेप्शनवर एक कुटुंब उभं होतं. त्यांचंही तेच, पाणी तुंबलेलं, रात्रीपासून फोन करून थकलेले. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणत होता, "हो सर, माणूस पाठवतो. जरा बिझी आहेत ते." वडील गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ फक्त काउंटरवर दोनदा टकटक आपटलं.

मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. मग आमंत्रण पाठवणाऱ्या प्रसिद्धी एजन्सीतून फोन आला, ते दुसरं जरा काढता येईल का म्हणून. मी काढलं नाही, आणि त्यांचं पुढचं आमंत्रण आलं नाही. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. डोक्यात राहिलं ते वेगळंच: मी अर्धा तास उशिरा खाली उतरलो असतो, तर 'तक्रार केल्यावर पाच मिनिटांत दखल' असं अगदी मनापासून लिहिलं असतं. प्रामाणिकपणे, जाहीर वगैरे करून.

खोली कशी दिसते हे आता फोटोंवरून कुणालाही कळतं. लोकांना आपल्याकडून हवं असतं ते म्हणजे काही बिघडलं तर हे लोक कसे वागतात. आणि नेमकं तेच बोलावलेल्या पाहुण्याला दिसू शकत नाही, तो कितीही सरळ माणूस असला तरी. बिलाचंही तसंच. चेक-आउटला कार्डावर अडकवलेलं डिपॉझिट कधी सुटतं, न प्यायलेल्या बाटल्या बिलात येतात का, आल्या तर हुज्जत न घालता काढतात का, हे कळायला आधी हातात बिल यावं लागतं. फुकटवाल्याला तिथे हसून निरोप मिळतो.

सवलतीच्या दराबद्दल फार लिहीत नाही. मला वाटलं होतं हा सुवर्णमध्य असेल. प्रत्यक्षात निम्मे पैसे जातात आणि मिंधेपण पूर्ण राहतं. बुकिंगवर 'मीडिया' असा शेरा पडलेला असतो, म्हणजे वागणूक आमंत्रिताचीच. तक्रार करताना मात्र 'आपण अर्धेच भरलेत' हे आपल्यालाच आठवत राहतं. कुणाला जमत असेल तर जरूर करा, मला नाही जमलं.

पैसे भरून राहणंही निर्मळ आहे असं समजू नका. घसघशीत रक्कम भरली की ती वाया गेली हे मान्य करायला मन तयार होत नाही, आणि माणूस स्वतःच्याच निवडीची वकिली करायला लागतो. कधी उलटंही होतं, पैसे गेल्याच्या रागात साध्या चुकीचा बाऊ होतो. शिवाय लेखाखाली बुकिंगची लिंक टाकून कमिशन घेत असाल, तर बिल स्वतः भरल्याचा तोरा फार मिरवण्यात अर्थ नाही. तिथे एका हॉटेलचं मीठ खाल्लेलं नसतं इतकंच, वाचकाने कुठेतरी बुक करावं ही इच्छा असतेच. आणि सगळ्यांत मोठी अडचण साधी आहे: भरून राहायचं तर थोडीच हॉटेलं पाहून होतात. माझ्या लेखांची संख्या घटली, आणि महागड्या हॉटेलांवर मी आता जवळजवळ लिहीतच नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. फुकट मुक्काम करखात्याच्या लेखी फुकट असेलच असं नाही. भारतात १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात कलम १९४-आर आलं. धंद्याच्या निमित्ताने एकाच देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ मिळाले, तर त्यावर १० टक्के टीडीएसची तरतूद त्याने आली. तुम्ही जिथे असाल तिथला नियम आमंत्रण स्वीकारण्याआधी विचारून घ्या, नंतर हॉटेलच्या अकाउंट्समधून मेल आल्यावर नाही.

मग कुणी काय करावं? तुम्ही जागांच्या गोष्टी सांगत असाल, म्हणजे वास्तू, माणसं, स्वयंपाकघर, आणि 'इथे राहा की नको' हा सल्ला देत नसाल, तर आमंत्रण घ्या, ठळक लिहा आणि मजेत राहा. त्यात मला काही गैर दिसत नाही. नुकती सुरुवात असेल आणि खिशात दमडी नसेल तरी घ्या, फक्त दर्जा, सेवा असल्या गोष्टींवर निवाडा देऊ नका, कारण त्या तुम्हाला दाखवलेल्याच नसतात. पण वाचक तुमच्याकडे 'पैसे घालवू का' हे विचारायला येत असतील, तर माझ्या मते भरून राहण्याला पर्याय नाही. वर्षातून दोनच हॉटेलं झाली तरी चालतील. आमंत्रण आलंच तर एक मधला मार्ग मी वापरतो: त्यांना आभाराचं उत्तर पाठवतो, दौरा दाखवायचा असेल तर दिवसा येऊन बघून जातो, आणि मुक्काम नंतर केव्हातरी, त्यांना न कळवता, गर्दीच्या तारखांना करतो.

बुकिंग बायकोच्या नावाने करतो. माझं नाव शोधलं की चॅनल वर येतं, आणि बरीच हॉटेलं येणाऱ्या पाहुण्यांची नावं आधी शोधून बघतात. ट्रायपॉड शेवटच्या दिवशी सकाळपर्यंत बॅगेतच ठेवायचा. तो बाहेर निघाला की नाश्त्याच्या टेबलाशी मॅनेजर येऊन उभा राहतो.