एका फोनच्या दोन तारखा : लिनिएज ओएसचा आठ महिन्यांचा अनुभव

नंदगडच्या बाजारात माझे बियाणे आणि खतांचे दुकान आहे. २०१९ च्या दिवाळीत घेतलेला फोन मी अजून वापरतो. मध्ये एकदा बॅटरी बदलली, एवढाच खर्च झाला. पडदा शाबूत आहे, कॅमेरा पावती टिपण्यापुरता उत्तम आहे आणि खानापूर तालुक्यातले पाच पावसाळे त्याने काढले आहेत. मात्र कंपनीकडून आलेला शेवटचा सुरक्षा पॅच, म्हणजे प्रणालीतील त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, ऑक्टोबर २०२१ चा होता. बेळगावच्या सेवा केंद्रात विचारले तेव्हा ‘सर, हे मॉडेल आता बंद झाले, नवीन घ्या,’ एवढेच उत्तर मिळाले. जी वस्तू कुठेही झिजलेली नाही, ती केवळ बनवणाऱ्याने हात काढून घेतला म्हणून फेकून देणे मला पटले नाही, आजही पटत नाही.

उद्यमबागेत अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने लिनिएज ओएसचे नाव सुचवले. सायनोजेनमॉड ही जुनी प्रणाली बंद पडल्यावर २०१६ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी हाती घेतलेली, अँड्रॉइडवर आधारलेली ही मुक्त स्रोत प्रणाली आहे, म्हणजे तिचा कोड सर्वांना खुला असतो. फोनवरील कंपनीच्या प्रणालीच्या जागी ती बसवता येते. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग, त्याचे कुलूप काढून उघडावा लागतो. तो उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, त्यामुळे चार वर्षांच्या उधारीच्या नोंदी आधी संगणकावर उतरवून घेतल्या. ‘मामा, मधेच वीज गेली तरी केबल काढू नका,’ असे भाच्याने दोनदा बजावले होते. सुदैवाने त्या दुपारी वीज गेली नाही.

पहिले तीन महिने मी या प्रणालीच्या प्रेमातच होतो. सेटिंगमध्ये पॅचची तारीख चालू महिन्याची दिसे. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघडकीस आली, ज्यात एखादा घातक एमएमएस फोनचा ताबा घेऊ शकत होता. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षा पत्रक काढण्यास सुरुवात केली आणि त्यातील दुरुस्त्या आता माझ्या जुन्या फोनपर्यंत पोहोचत होत्या. प्रत्येक अपडेटला संपूर्ण प्रणालीच पुन्हा उतरवावी लागते आणि आमच्याकडे पावसात नेटवर्कची रड असते, म्हणून आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा, बेळगावला माल आणायला गेल्यावर, मी ते काम उरकत असे. एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत अॅपच्या भांडारातून हेलीबोर्ड हा कीबोर्ड घेतला. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही. माझी निम्मी गिऱ्हाइके कन्नड बोलतात आणि निम्मी मराठी, त्यामुळे दोन्ही लिप्या एका बोटाच्या अंतरावर मिळणे ही माझ्यासाठी मोठी सोय ठरली.

मग बँकेचे अॅप उघडेना. ‘हे उपकरण सुरक्षित नाही,’ असा संदेश येऊन ते बंद होई. मला संताप आला, कारण तोच फोन ऑक्टोबर २०२१ च्या पॅचवर असताना हेच अॅप विनातक्रार चालत होते आणि ताजा पॅच आल्यावर मात्र त्याला धोका दिसू लागला. घाऊक व्यापाऱ्यांना पैसे पाठवण्यासाठी मी *९९# वर आलो. इंटरनेटशिवाय चालणारी ही सोय माझ्या सिमवर चालते, पण एका व्यवहाराला ५,००० रुपयांची मर्यादा आहे आणि खताच्या एका फेरीला तेवढ्याने काहीच होत नाही.

पाचव्या महिन्यात माझे मत बदलले आणि त्याला कारण सेटिंगमधील ‘ट्रस्ट’ हे पान ठरले. तेथे दोन तारखा असतात. एक अँड्रॉइडच्या सुरक्षा पॅचची, जी ताजी होती. दुसरी उत्पादकाच्या भागाच्या पॅचची, आणि ती ऑक्टोबर २०२१ वरच थांबलेली होती. त्या दुसऱ्या तारखेने माझी झोप उडवली. मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग), प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्या चिपसाठीचे बरेचसे सॉफ्टवेअर बंदिस्त असते. त्याचा स्रोत स्वयंसेवकांच्या हाती नसतो आणि चिप बनवणाऱ्याने दुरुस्ती केली तरी ती फोनच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी तयार करून दिल्याशिवाय फोनपर्यंत येत नाही. गूगलच्या मासिक पत्रकातही याच कारणाने दोन टप्पे असतात : ०१ तारखेच्या टप्प्यात अँड्रॉइडचा स्वतःचा भाग, आणि ०५ तारखेच्या टप्प्यात त्यासह कर्नल (प्रणालीचा गाभा) व चिप उत्पादकांचे भाग. म्हणजे घराचे छप्पर मी दर महिन्याला शाकारत होतो आणि पायाकडे चार वर्षे कोणी पाहिलेलेच नव्हते. लिनिएज ओएसने ही गोष्ट लपवलेली नाही, उलट स्वतःहून पानावर मांडली आहे, याबद्दल मला आदर आहे. ती मी पाच महिने वाचली नाही, ही चूक माझी.

बँकेवरचा रागही त्याच आठवड्यात निम्मा झाला. बूटलोडर उघडा असला की फोन सुरू होताना आतील प्रणाली मूळचीच आहे का, याची पडताळणी भरवशाची राहत नाही आणि फोन ज्याच्या हातात पडेल त्याला ती बदलता येते. उरलेला निम्मा राग कायम आहे : बूटलोडरचे कुलूप पाहणाऱ्या अॅपने पॅचची तारीखही पाहिली पाहिजे.

ग्राफीन ओएस ही अशीच दुसरी प्रणाली बसवल्यावर बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, परंतु ती प्रणाली मुख्यतः गूगलच्या पिक्सेल फोनसाठी आहे आणि त्यावरही काही बँकांची अॅप अडतात. पिक्सेल ८ पासून गूगल सात वर्षांच्या अपडेटची हमी देते, त्यामुळे वर्षाला पडणारी किंमत काढली तर महाग फोनही स्वस्त ठरू शकतो. हे गणित मी २०१९ मध्ये मांडलेच नव्हते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक आहे. तसा नियम आपल्याकडे असता, तर त्या सेवा केंद्रातील मुलाला मला ते उत्तर द्यावे लागले नसते.

सध्या या फोनमधून बँकेचे सिम काढून पत्नीच्या नव्या फोनमध्ये घातले आहे. उधारीच्या नोंदी, उताऱ्यांचे फोटो आणि दुकानाचे फोन लिनिएजवरच चालतात. येत्या दिवाळीला नवा फोन घेताना दुकानदाराकडून अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, ते बिलावर लिहून घेणार आहे.