साक्री रोडची वहीवाली खानावळ: ४ तारे

तक्रारीपासून सुरुवात करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने नुसती आरती ओवाळली.

शेवभाजीत शेव फार आधी पडते. ताट समोर येईपर्यंत तिचा लगदा झालेला असतो. आपल्या खान्देशी माणसाला शेव शेवटच्या मिनिटाला लागते, तर्री उकळत असताना, दाताखाली थोडी कुरकुर उरेल अशी. हे मी मावशींना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा "बरोबर आहे भाऊ" म्हणाल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा लगदा. ताक पाणचट. कोपऱ्यातलं टेबल डुगडुगतं, पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे ती दर दोन दिवसांनी निसटते. गल्ल्याजवळ पैसे आल्याचं सांगणारा तो डबा असा बोंबलतो की कोणी कितीचं खाल्लं ते सगळ्या खानावळीला कळतं. आणि रविवारी सकाळी बंद. उपासनेची वेळ असते, चूल साडेबाराला पेटते. शनिवारी रात्रीच दोन भाकरी जास्तीच्या बांधून घ्यायच्या, हा माझा उपाय.

एक तारा या सगळ्यापायी कापला.

आता मी तिथे कसा पोचलो ते. मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी धुळे–नवापूर मार्गावर. रिटायर होऊन घरी बसलो आणि १४ डिसेंबरला आमच्या मंडळींचं न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग तिथेच मुक्काम, २ जानेवारीला सुट्टी. म्हणजे २० दिवस मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढले आणि दोन्ही वेळचं जेवण मागच्या गल्लीतल्या या खानावळीत. पाटीवर नाव नाही. 'घरगुती जेवण' एवढंच, आणि खाली बोटाएवढा क्रॉस. कडुनिंबाखाली एक बाकडं, आत सहा टेबलं. मावशी मूळच्या नवापूरकडच्या, घरी मावची बोलतात, गिऱ्हाईकाशी अहिराणी आणि दवाखान्यातल्या सिस्टरांशी शुद्ध पुस्तकी मराठी. काका भाज्या चिरतात आणि बोलत नाहीत.

एक गंमत. मावशी "आमची मंडळी" म्हणतात तेव्हा त्यांना चर्चमधली माणसं म्हणायची असतात. मी "आमची मंडळी" म्हणतो तेव्हा बायको. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मंडळी किती?" मी म्हटलं, "एकच, तीही खाटेवर."

खाण्याचं सांगतो. ताट ८० रुपयांना: दोन भाकरी, एक भाजी, उडदाची डाळ, भात, ठेचा. भाकरी कळण्याची, ज्वारीत उडीद दळलेला आणि मीठ नेमकं. २० दिवसांत एकदाही कच्ची भाकरी आली नाही, हे लहान काम नाही. थापणारी बाई दुपारी दीडला उठते, त्यानंतर गेलात तर पोळी मिळेल आणि ती चांगली नाही. थंडीत आठवड्यातून दोनदा भरीत असतं, मोठी हिरवी-पांढरी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरवी मिरची आणि शेंगदाणे सढळ हाताने. त्या धुराचा वास दुसऱ्या दिवशी स्वेटरला येत होता. भरिताबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. जळगावकडचे पाहुणे आले होते, तेही गप्प बसून जेवले.

पेशंटसाठी मऊ खिचडी आणि मुगाचं कढण ३० रुपयांना, बिनतिखटाचं, आणि वॉर्डापर्यंत पोचतं. नाताळच्या दिवशी दुपारी खानावळ बंद होती, पण सकाळीच डबे वॉर्डात फिरले, प्रत्येकात एक करंजी. बायकोने ती खिचडीआधी खाल्ली.

पण मी लिहायला बसलो ते वहीसाठी.

गल्ल्यापाशी एक लाल कापडी पाठीची वही असते, किराणा दुकानात असते तशी. दोन बाजू: 'गेलं' आणि 'आलं'. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्यासमोर धडगावकडचा एक पोरगा बसला होता, सतरा-अठरा वर्षांचा. बाप आत खाटेवर. पोरगा एक भाकरी खायचा आणि एक हळूच गुडघ्यावरच्या टॉवेलात सरकवायचा. मला दिसत होतं म्हणजे मावशींनाही दिसत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. तो उठला तेव्हा कागदात दोन भाकरी आणि ठेचा गुंडाळून त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "या करपल्यात, गिऱ्हाइकाला देता येत नाहीत, घेऊन जा." कागद अर्धवट उघडा होता. भाकरीवर डाग नव्हता.

मग पोरगा गल्ल्यापाशी उभा राहून खिसे चाचपायला लागला. मावशींनी वही उघडली. "उधार शे भाऊ, फुकट नही. गाव सांग." त्याने गाव सांगितलं. त्यांनी तारीख, गाव, 'जेवण १' असं लिहिलं. करपलेल्या भाकरी लिहिल्या नाहीत.

त्याचं नाव विचारलं नाही, फक्त गाव. मी नंतर विचारलं, सरळ देऊनच का टाकत नाही? तर म्हणाल्या, फुकट म्हटलं की माणूस संध्याकाळी परत येत नाही, उपाशी झोपतो. उधारीवर येतो. उधारी करणारा माणूस गिऱ्हाईक असतो.

हे माझ्यातल्या कंडक्टरला पटलं आणि त्याच कंडक्टरला त्रासही झाला. आमच्या नोकरीत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, आणि रोकड जुळली पाहिजे, गाडीत एक विदाउट तिकीट सापडला तर आधी कंडक्टरची मान. त्या सवयीपायी मी एकदा काय केलं ते सांगतो. पंचिंगचा जमाना होता, संध्याकाळची गाडी, दहिवेलला एक म्हातारा चढला. साक्रीपर्यंतचे पैसे होते, साक्रीचं तिकीट घेतलं आणि साक्री आली तरी उतरला नाही. पुढे लक्षात आलं. म्हणाला, पोरगी धुळ्याला दवाखान्यात आहे. हे मी रोज ऐकायचो, निम्मं खरं असायचं. पुढे लाइन चेकिंग आहे असं कळलेलं होतं. मी त्याला नेरला उतरवलं आणि डबल बेल दिली. काही टप्प्यांचा प्रश्न होता, माझ्या खिशातून भरले असते तर चहा-भज्याचे पैसे गेले असते. बस एवढंच.

खानावळीत एक प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, तो मी मोठ्याने विचारला. मावशी, हे धर्म बदलायला लावायचं काम तर नाही ना? त्या रागावल्या नाहीत, कंटाळल्या. "भुक्याले आधी जात इचारू का भाकर देऊ?" २० दिवसांत मला एक पत्रक मिळालं नाही, कोणी प्रार्थनेला बोलावलं नाही. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर आहे, त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडलेले.

पण मी विचारलं म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली. गोष्ट बहुतेकांना माहीत असते, चांगल्या शोमरोन्याची, लूकच्या शुभवर्तमानात १० व्या अध्यायात आहे. एक शास्त्री येशूला विचारतो, शेजाऱ्यावर प्रीती कर असं नियमशास्त्रात आहे, तर माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणारा घाटरस्ता, चोरांनी एकाला मारून अर्धमेला टाकलंय. याजक बघतो, दुसऱ्या बाजूने जातो. लेवी, म्हणजे मंदिरातलाच सेवक, तोही तसाच. थांबतो तो शोमरोनी, ज्यांच्याशी यहुदी व्यवहार ठेवत नसत. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. मला कोंडाईबारीचा घाट दिसला. त्या घाटातून रात्री-बेरात्री हजारदा गेलोय, आणि पडलेल्या माणसापाशी गाडी थांबवायला काय लागतं ते ड्रायव्हर-कंडक्टरला माहीत असतं.

इथपर्यंत मलाही येत होतं. मावशी म्हणाल्या, "पाळकसाहेब दर वेळी शोमरोन्यावर बोलतात. उतारशाळेवाल्यावर कोणी बोलत नाही."

आणि खरंच की! शोमरोनी दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याला दोन दिनार देतो. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, बायबलातच दुसरीकडे द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या गोष्टीत तो दर आलाय. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. त्यात अर्धमेला माणूस बरा होतो का? म्हणून तो म्हणतो, याहून जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. आणि निघून जातो. आता बघा: गिऱ्हाईक परक्या जातीचं, पेशंट अनोळखी, आगाऊ रक्कम तोकडी, बाकी सगळी उधारी. उतारशाळेवाला हो म्हणाला की नाही, परत पैसे मिळाले की नाही, गोष्टीत लिहिलेलं नाही. मावशींचं म्हणणं, आपण तिथून पुढे धरायचं.

त्यांच्याकडे शोमरोनी येतात. कोणी दोन ताटांचे पैसे देऊन एक खातो, कोणी पेशंट बरा होऊन जाताना पाचशेची नोट ठेवतो. चर्चमध्ये कापणीच्या सणाला शेतकरी ज्वारी, भोपळे, कोंबड्या आणतात, त्यांचा लिलाव होतो, त्यातली दोन-तीन पोती ज्वारी इकडे येते. हे सगळं 'आलं' खाली, नावाशिवाय. मी वही चाळली आहे (त्यांच्या परवानगीने, आकडे दिसले की हात शिवशिवतात). 'आलं' कधीच 'गेलं'ला पुरत नाही. फरक ८० रुपयांच्या ताटांतून निघतो, म्हणून ताक पाणचट असावं असा माझा संशय आहे.

आता हा भोळेपणा समजू नका. वहीच्या शेवटी एक वेगळं पान आहे. त्यावर एक ठेकेदार आहे, महिनाभर दोन्ही वेळ मटण सांगून जेवला आणि बिल न देता गेला. दर सोमवारी मावशी त्याला फोन करतात, माझ्यासमोर केला. आवाज असा होता की काकांनी चिरणं थांबवलं.

३१ डिसेंबरच्या रात्री मी उशिरा जेवायला गेलो. मावशी वर्षअखेरच्या उपासनेला निघाल्या होत्या, चांगली साडी, वर स्वेटर. जायच्या आधी गल्ल्यापाशी बसल्या, 'गेलं'ची बेरीज केली, दोनदा तपासली, पानाखाली आकडा लिहिला आणि पट्टी ठेवून सगळ्या पानावर तिरकी रेघ ओढली. पुढचं पान. पुन्हा पट्टी, पुन्हा रेघ. धडगावच्या पोराची सगळी जेवणं त्यात होती. बापाला घेऊन तो आदल्याच दिवशी गेला होता.

मी म्हटलं, "मावशी, हे तर बुडालं."

"बुडालं नाही, सोडलं. बुडालेलं मागच्या पानावर आहे."

मग पट्टी पुसत म्हणाल्या, की प्रार्थनेत रोज म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. रोज म्हणायचं आणि वही तशीच कपाटात ठेवायची, हे कसं चालेल? मला त्यांनी विचारलं नव्हतं, घाईत स्वतःशीच बोलल्या. मग रिक्षा आली.

त्या रात्री वॉर्डाच्या बाकड्यावर मला झोप लागली नाही. म्हातारा आठवत होताच, पण त्याहून जास्त दुसरंच. जुन्या प्रवाशांना आठवत असेल: सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, उतरताना घ्या म्हणतो. ३१ वर्षं मी ते आकडे लिहिले. किती लोक झोपेत, घाईत, पोरं-पिशव्या सांभाळत ते न घेताच उतरले. दोन रुपये, पाच रुपये. ते माझ्याच खिशात राहिले. कोणी मागायला आलं नाही. पण मी त्या म्हाताऱ्याला नेरला उतरवलं तेव्हा माझ्या झोळीत त्याच्या भाड्याएवढी दुसऱ्यांची चिल्लर नक्की होती.

२ तारखेला सुट्टी मिळाली. मंडळींना रिक्षात बसवलं आणि मी वळून खानावळीत गेलो. माझा हिशोब चुकता केला. मग दोनशेची नोट पुढे केली, 'आलं' खाली लिहा म्हटलं. मावशींनी नव्या वर्षाचं पहिलं पान उघडलं.

"कशाचे?"

"दोन ताटांचे. नेरचा एक प्रवासी होता."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तारीख टाकली, 'नेर, जेवण २' लिहिलं आणि ४० रुपये परत केले. मी म्हटलं, राहू द्या.

"सुट्टे घ्या कंडक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "ताट ८०चं आहे."