ल्युद्स्की व्हर्त, मारिबोर: तिकीट कुठल्या बाजूचं घ्यावं आणि का

एनके मारिबोर या स्लोव्हेनियातल्या फुटबॉल क्लबचा सामना त्याच्या घरच्या मैदानावर, ल्युद्स्की व्हर्तवर बघायचा असेल तर तिकीट पूर्वेच्या स्टँडचं, आणि तेही मधल्या भागातलं घ्यावं. पश्चिमेकडचा मुख्य स्टँड मानाचा खरा, पण तिथे बसलं की या मैदानातली सगळ्यात देखणी गोष्ट नेमकी आपल्या डोक्यावर येते आणि दिसत नाही. ती म्हणजे 1962 सालची काँक्रीटची कमान. लांबी सुमारे 130 मीटर, उंची 18 मीटरच्या आसपास, आणि मुख्य स्टँडचं छप्पर तिनेच तोललेलं. बाकी तिन्ही बाजू 2008 मध्ये नव्याने बांधल्या. तेव्हा जुनी कमान पाडली नाही, नवं छप्पर असलेलं लाटेसारखं कडं तिच्या दोन टोकांना आणून भिडवलं. सगळ्या डागडुजीनंतर मैदानाची क्षमता आता सुमारे 11,700 खुर्च्यांची आहे.

पूर्वेला बसण्याचा एक तोटा आहे. वसंतापासून शरदापर्यंत संध्याकाळच्या सामन्यांत मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं. सूर्य समोरच्या छपराआड गेला की त्रास संपतो, पण तोवर टोपी हवीच. ऊन अजिबात नको असेल तर पश्चिमेला पर्याय नाही.

दक्षिणेची बाजू व्हिओले मारिबोर या कट्टर समर्थकांची. त्यांचा गट 1989 पासूनचा. तिथे नव्वद मिनिटं उभं राहावं लागतं, गाणी अखंड चालतात, आणि मोठ्या सामन्याला मशाली पेटल्या की धुरामुळे काही मिनिटं समोरचा गोल दिसत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे फिरकू नये. अर्थात त्यांचा आवाज पूर्वेच्या मधल्या भागातही पुरेपूर पोचतो. मैदानाभोवती धावपट्टी नाही, त्यामुळे खेळही जवळून दिसतो.

संघाचा जांभळा रंग कुठून आला, हा नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. शहरातला जुना क्लब ब्रानिक. 1960 मध्ये पात्रता सामन्यासाठी आलेल्या कार्लोव्हाक संघाच्या खेळाडूंना मारिबोरात अन्नातून विषबाधा झाली, ब्रानिक बाद ठरला आणि त्याच वर्षी बरखास्तही झाला. 12 डिसेंबर 1960 रोजी एनके मारिबोर स्थापन झाला. त्याला वेगळा रंग हवा होता. फिओरेंतिना या इटलीतल्या क्लबवरून जांभळा सुचवला तो पहिला कर्णधार ओतो ब्लाझ्निक याने. तेव्हापासून संघाचं टोपणनाव ‘वियोलिचास्ती’, म्हणजे जांभळे. म्हणून ब्रानिकचा इतिहास मारिबोरच्या खात्यावर जमा करू नये. शहर तेच असलं तरी क्लब दुसरा आहे.

स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियाचा भाग होता तेव्हा तिथल्या पहिल्या श्रेणीत मारिबोर 1967 ते 1972 असे पाच हंगाम टिकला. पुढे 1981 च्या लाचखोरी प्रकरणात शिक्षा म्हणून थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. आजचा दबदबा स्लोव्हेनियाची स्वतंत्र लीग सुरू झाल्यानंतरचा आहे. 1997 ते 2003 सलग सात विजेतेपदं, 2011 ते 2015 सलग पाच, आणि 2022 चं धरून एकूण 16.

चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा हिशोब मात्र भाबड्या कौतुकात गुंडाळला जातो, म्हणून तो नीट मांडायला हवा. गटसाखळीत मारिबोर तीनदा पोचला: 1999, 2014 आणि 2017. एकूण 18 सामन्यांत विजय एकच, आणि तो घरचा नव्हे, 1999 मध्ये कीव्हला जाऊन डायनॅमोवर 1-0. ल्युद्स्की व्हर्तवरच्या नऊ सामन्यांत चार बरोबरी, पाच पराभव. लिव्हरपूलकडून खाल्लेले सात गोल (ऑक्टोबर 2017) याच मैदानावरचे. पण नोव्हेंबर 2014 मध्ये चेल्सीला 1-1 वर रोखलं तेही इथेच: अगिम इब्राईमीचा गोल, आणि शेवटाकडे गोलरक्षक यास्मिन हंदानोविचने अडवलेली हॅझार्डची पेनल्टी. दहा-बारा हजारांच्या मैदानाच्या क्लबने तीनदा तिथवर जाणं हीच मोठी गोष्ट आहे, त्यासाठी निकाल सजवून सांगायची गरज नाही.

आता सामना कुठला निवडावा. लीगमध्ये दहा संघ, 36 फेऱ्या, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्धी मारिबोरला हंगामात दोनदा येतो. राजधानी लुब्लियानाच्या ओलिम्पिया संघाविरुद्धचा ‘वेच्नी डर्बी’, म्हणजे चिरंतन डर्बी, हाच खरा अनुभव. एरवी मैदान बहुधा अर्धंही भरत नाही. नव्या बांधणीतल्या छपरामुळे आवाज घुमतो हे खरं, पण रिकाम्या खुर्च्या झाकल्या जात नाहीत. डर्बीचं तिकीट आधीच घ्यावं, तपासणीच्या रांगेसाठी निदान तासभर लवकर पोचावं, आणि हिरव्या रंगाचे कपडे घालू नयेत. तो ओलिम्पियाचा रंग आहे.

लोकांचं नियोजन हमखास फसतं ते तारखांमुळे. युरोपियन सामना गुरुवारी असला की त्या आठवड्यातला लीगचा सामना मागेपुढे सरकतो, वेळही उशिरा पक्की होते. म्हणून रद्द करता येणारीच खोली घ्यावी. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत लीग बंदच असते. फेब्रुवारीत ती पुन्हा सुरू होते तेव्हा रात्री पारा शून्याखाली असू शकतो आणि बैठकीखालचं काँक्रीट बर्फासारखं गार पडतं. बसायला जाड कापडाची घडी बरोबर न्यावी.

पोचायला त्रास नाही. लुब्लियानाहून रेल्वेने दोन-अडीच तास लागतात. मारिबोरचं स्टेशन द्रावा नदीच्या मैदानाकडच्याच काठावर आहे, तेव्हा पूल ओलांडावा लागत नाही आणि वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येतं. ‘ल्युद्स्की व्हर्त’ म्हणजे ‘लोकांची बाग’, आणि शहराचं मोठं उद्यान मैदानाला लागूनच आहे. संध्याकाळच्या सामन्यानंतर लुब्लियानाला परतायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी. ती सामन्यासाठी थांबत नाही.