गाडी धुण्याचे पर्याय : पाणी किती लागते आणि मळके पाणी जाते कुठे

पुण्यासारख्या शहरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करणाऱ्या आणि ती धुताना पाण्याची नासाडी होऊ नये असे वाटणाऱ्या माणसापुढे आज अनेक पर्याय आहेत. ते निवडताना बहुतेकजण किती लिटर पाणी वाचले एवढेच पाहतात. धुतल्यानंतरचे मळके पाणी कुठे जाते, हा प्रश्न मात्र तितकाच महत्त्वाचा असून सहसा तो कोणी विचारतच नाही.

नळाला पाइप लावून गाडी धुण्याची पद्धत सर्वांत सोपी आणि सर्वांत उधळी आहे. साध्या पाइपातून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज वाहते, म्हणजे पंधरा मिनिटे तो चालू राहिला तर दीड-दोनशे लिटर पाणी जाते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दिवसाला 135 लिटर धरले जातात, हे लक्षात घेतले की या उधळपट्टीचा अंदाज येतो. बंगळुरूमध्ये मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवण्यात आला, तो उगाच नव्हे. घरगुती प्रेशर वॉशरला मिनिटाला सहा-सात लिटर पुरतात आणि खटका सोडताच धार थांबते, त्यामुळे हात आवरता घेतल्यास तीस-चाळीस लिटरमध्ये काम भागते. तेवढ्याच पाण्यात दोन बादल्यांनीही गाडी उत्तम धुता येते : एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडका खळबळून काढायला साधे पाणी. दुसरी बादली ही चैन नव्हे. फडक्यातली रेती तिच्या तळाशी बसते आणि पुन्हा रंगावर घासली जात नाही.

यापेक्षा कमी पाण्याच्या पद्धती दोन. ‘वॉटरलेस’ फवाऱ्यात पाणी जवळपास लागतच नाही, परंतु माझ्या मते त्याची जाहिरात गरजेपेक्षा जास्त होते. बांधकामाची धूळ जाड बसलेल्या गाडीवर तो मारून पुसले की बारीक गोलाकार ओरखडे उठण्याची भीती असते, शिवाय दर वेळी मळणारे पाच-सहा फडके धुवायला पाणी लागतेच, ते बाटलीवर कुठेही लिहिलेले नसते. रिन्सलेस पद्धतीत पाच-सहा लिटर पाण्यात टोपणभर द्रव मिसळतात, त्यात भिजवलेल्या मायक्रोफायबरने एकेक पत्रा पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घेतात. द्रवातील घटक धुळीचे कण निसरडे करून उचलतात, म्हणून वरून पाणी ओतावे लागत नाही. कोरड्या ऋतूतल्या धुळीसाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते, आणि त्याचे मुख्य कारण पाण्याची बचत हे नाही.

गाडीवरून ओघळणाऱ्या पाण्यात साबणाबरोबर ब्रेकच्या झिजेतून आलेले तांबे, टायरमधले जस्त आणि तेलाचे अंश असतात. पार्किंगच्या कडेच्या जाळीतून हे पाणी बहुधा पावसाळी वाहिनीत उतरते आणि कोणतीही प्रक्रिया न होता नाल्यावाटे मुळा-मुठेत पोहोचते, तर न्हाणीघरात ओतलेले पाणी मैलावाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाण्याची शक्यता तरी असते. रिन्सलेस पद्धतीत मळके पाणी बादलीतच राहते. ते कुठे ओतायचे हे आपण ठरवू शकतो. पाइपाने धुणाऱ्याला ही संधीच मिळत नाही. शाम्पूच्या बाटलीवर ‘जैवविघटनशील’ लिहिलेले असले तरी विघटनाला वेळ लागतो आणि तोवर साबण माशांच्या कल्ल्यांना अपाय करतोच, त्यामुळे त्या शब्दावर विसंबून नाल्यात पाणी सोडू नये.

पावसाळ्यात चिखलाने माखलेली गाडी मात्र पुसून स्वच्छ करण्याच्या फंदात पडू नये. तेव्हा वॉशिंग सेंटर बरे, पण तिथे तेल वेगळे करणारी टाकी आहे का आणि पाणी पुन्हा वापरले जाते का, हे विचारून घ्यावे. बोअरवेलचे पाणी उपसून ते थेट गटारात सोडणाऱ्या रस्त्याकडेच्या सेंटरपेक्षा घरच्या दोन बादल्या केव्हाही चांगल्या. सोसायटीत एसटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचे) प्रक्रिया केलेले पाणी मिळत असेल तर चाके आणि चाकांच्या वरच्या कमानी त्याने धुवाव्यात, मात्र ते फवारू नये, कारण त्याचे तुषार श्वासावाटे आत जातात. काचेवर आणि रंगावर त्यातील क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून तिथे साधेच पाणी वापरावे.

उरतो रोज सकाळी गाडी पुसून जाणारा मुलगा, ज्याचा हिशेब कोणी करत नाही. त्याची अर्धी बादली आठ लिटरची धरली तरी महिन्याच्या सव्वीस दिवसांत दोनशे लिटरच्या वर पाणी होते, म्हणजे आठवड्यातून एकदा पस्तीस लिटरमध्ये गाडी धुणाऱ्यापेक्षा जास्त. दर गाडीला नवे पाणी न घेता तीच बादली चार-पाच गाड्या फिरली तर पाणी कमी लागते, पण शेवटच्या गाडीच्या वाट्याला काळे, रेतीमिश्रित पाणी येते. त्याला आपल्या गाडीपुरते दोन स्वच्छ फडके द्यावेत, ओले पुसणे आठवड्यातून दोनदाच सांगावे, इतर दिवशी फक्त काचा पुसून घ्याव्यात आणि पगार आहे तेवढाच ठेवावा.