शॅटर्ड पिक्सेल डंजन: फुकटात मिळणारा पण फुकट न जाणारा गेम

परवा रात्री अखेर या गेममधल्या जमिनीखालच्या भुयाराच्या पंचविसाव्या मजल्यावरचा योग-झेवा हा शेवटचा मोठा राक्षस पडला आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो खालच्या मजल्यावरचा ताईत हातात आला. सकाळपर्यंत झोप नाही लागली खरंच. चार महिने रोज डोंबिवली ते सीएसएमटी उभ्यानं प्रवास करताना एका हातानं खेळत होतो हा गेम, त्यामुळे आता त्याबद्दल नीट लिहायलाच पाहिजे.

आधी थोडं मूळ सांगतो. वाताबू या नावानं गेम बनवणाऱ्या ओलेग डोल्यानं २०१२ मध्ये अँड्रॉइडसाठी पिक्सेल डंजन काढला आणि २०१४ मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्याच वर्षी इव्हान डेबेनहॅमनं तो कोड घेऊन शॅटर्ड सुरू केला आणि आजतागायत तो त्यावर काम करतोय. मागे मोठी कंपनी नाही. खेळायला निवडायच्या सहा कॅरेक्टरपैकी ड्युएलिस्ट (द्वंद्व लढणारी) २०२३ ला आली, क्लेरिक (धर्मगुरू) २०२५ ला. अँड्रॉइडवर पूर्ण फुकट, एकही जाहिरात नाही, नेट लागत नाही. स्टीम आणि आयफोनवर विकत घ्यावा लागतो. अँड्रॉइडवर मदत म्हणून पैसे देता येतात पण त्यानं तुमचा हिरो तगडा होत नाही, म्हणून मी तरी ताईत मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दिले.

आता खेळ. तुम्ही एक पाऊल टाकलं की राक्षस एक पाऊल टाकतो, तुम्ही थांबलात तर सगळं थांबतं. एवढंच. पण याचा अर्थ कळायला मला महिना गेला. मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या मजल्यापासून, आणि मजले दर वेळी नवे. कुठल्या रंगाचं पोशन, म्हणजे प्यायचं जादूचं औषध, कशाचं हेही दर वेळी बदलतं. म्हणून बरेच जण म्हणतात की हा नशिबाचा खेळ आहे, आणि रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. दर पाच मजल्यांच्या टप्प्यात अपग्रेडचे तीन स्क्रोल (वस्तू आणखी चांगली करणाऱ्या जादूच्या गुंडाळ्या) आणि ताकदीची दोन पोशन गेम देतोच देतो, खाणंही मोजून देतो. तलवार कुठली मिळेल ते नशीब, पण ते तीन स्क्रोल तीन वेगवेगळ्या वस्तूंवर उधळले तर तो दोष कुणाचा? नवीन असाल तर एकच चांगली वस्तू निवडा आणि बहुतेक सगळे स्क्रोल तिच्यावरच घाला.

माझं एक मरण सांगतो म्हणजे कळेल. सातव्या मजल्यावर, तुरुंगाच्या भागात, एक सांगाडा समोर, त्याचं आयुष्य संपत आलेलं आणि माझंही. मी मारला त्याला. सांगाडे मरताना फुटतात आणि हाडं शेजारच्याला लागतात, हे मला माहीत होतं, आधी दोनदा पाहिलं होतं, तरी शेजारीच उभं राहून मारला आणि त्याच्या हाडांनी मेलो. बॅगेत हीलिंग पोशन तसंच पडलेलं आणि फेकायला तीन सुरे. आधी पोशन प्यालो असतो किंवा तो लांब असतानाच सुरे फेकले असते तर जगलो असतो. घाई कुणीच केली नव्हती, स्क्रीन तर माझी वाट बघत थांबलेली होती. तेव्हापासून आयुष्य निम्म्याखाली गेलं की मी बोट उचलतो, बॅग उघडतो आणि एकेक वस्तू वाचतो, स्टेशन आलं तर फोन खिशात, उरलेला विचार परतीच्या गाडीत.

दाराची युक्ती सगळ्यात आधी शिका. दारातून बाजूला सरकून उभे राहा, राक्षस दारात आला की त्याला तुम्ही दिसलेले नसता आणि तुमचा पहिला वार चुकत नाही. गटारातले, म्हणजे पहिल्या पाच मजल्यांच्या भागातले, खेकडे तुमच्या दुप्पट वेगानं पळतात, त्यांच्यापासून पळण्यात अर्थ नाही, दारच गाठायचं. पाचव्या मजल्यावरचा ‘गू’ (Goo) नावाचा चिकट गोळ्यासारखा मोठा राक्षस फुगायला लागला की लांब व्हायचं आणि त्याला पाण्यात उभा राहू द्यायचं नाही कारण पाण्यात त्याचं आयुष्य पुन्हा भरतं. अनोळखी पोशन वरच्या मजल्यांवरच, पाण्याजवळ उभं राहून पिऊन बघा, आग निघाली तर उडी मारायला जागा पाहिजे.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. गटाराचे पहिले पाच मजले शंभर वेळा खेळून कंटाळा येतो, तिथे चांगल्या खेळाडूला काही शिकण्यासारखं उरत नाही आणि तरी वीस मिनिटं जातात. नवख्याला गेम फार कमी सांगतो, गाइडची पानं जमिनीवर सापडतात ती वाचायच्या आधीच माणूस दोनचार वेळा मेलेला असतो. वस्तूंची माहिती इतकी की लहान स्क्रीनवर डोळे दुखतात. ग्राफिक ठोकळ्यांचे आहेत, ज्याला ते बघवत नाहीत त्याचा हा गेम नाही. पण माझ्या सहा वर्षांच्या जुन्या फोनवर एकदाही अडकला नाही हेही तितकंच खरं.

हंट्रेस (शिकारी बाई) पहिल्यापासून खुली नसते, पण ती खुली झाली की आधी तिलाच घेऊन खेळा असं मी म्हणेन. तिच्या धनुष्याचे बाण संपत नाहीत, त्यामुळे लांबून मारत मारत अंतर ठेवायची सवय लागते आणि ती सवय पुढे सगळ्या कॅरेक्टरला उपयोगी पडते.

मी आता क्लेरिक घेऊन उतरलोय. आज सकाळी ठाण्यापर्यंत तिसरा मजला झाला, वाटेत भेटलेल्या भुतानं सांगितलेलं काम अर्धं राहिलंय.