डोंगल, कार्ड की सरळ वायर? जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय जोडण्याआधी

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळतो. घरी आणायचा, मॉनिटर जोडायचा, बटण दाबायचं. पहिल्याच संध्याकाळी कळतं की याला वाय-फायच नाही. मग मला फोन येतो. बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. मराठी-कन्नड लग्नपत्रिका लावतो, कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरचे अर्ज भरून देतो, आणि "जरा बघून जा की" म्हटलं की कुणाचा सीपीयूही उघडून बघतो.

बाजारात डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचा वाय-फाय अडॅप्टर, मागितला की काउंटरवरून प्रश्न येतो, "कुठलं देऊ? दीडशे, तीनशे, का सहाशे?" बासमती देऊ का सोनामसुरी, असं विचारावं तसा. हे रुपये नव्हेत, डब्यावर छापलेला वेग आहे, एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. त्या आकड्यावर उत्तर देऊ नका. आधी घरी तीन गोष्टी बघा: राऊटर कुठे आहे, सीपीयू कुठे बसणार, आणि मधली भिंत कसली आहे.

शहापूर-वडगावची जुनी घरं अरुंद आणि लांबलचक. राऊटर पुढच्या सोप्यात, पोरांचा अभ्यास माडीवर. टिळकवाडीतल्या फ्लॅटच्या भिंती पातळ, पण फोनमध्ये यादी उघडली तर शेजाऱ्यांची पंधरा-वीस नेटवर्कं दिसतात. खानापूरकडच्या घरांत जांभ्या चिऱ्याची हातभर जाडीची भिंत, आणि जूनपासून ती ओलीच. या तिघांना एकच वस्तू चालणार नाही.

तपासणी फुकटात होते. फोन घ्या आणि जिथे सीपीयू ठेवणार तिथे, टेबलाखाली, भिंतीच्या बाजूला धरा. टेबलावर धरू नका. बहुतेक राऊटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन टप्प्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वेगवान, पण जाड भिंतीतून कमी जातो. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावं द्या आणि एकेक जोडून स्पीड टेस्ट करा. ५ वर चांगला वेग येत असेल तर निवड सोपी आहे. ५ दिसतच नसेल तर महागडं कार्ड घेऊनही भिंत पातळ होणार नाही.

आता वस्तू. सगळ्यात स्वस्त म्हणजे नखाएवढा नॅनो डोंगल, ५०० रुपयांच्या आतबाहेर. डब्यावर १५० लिहिलेलं असतं. लावल्यावर विंडोजमध्ये बघाल तर बरेचदा ७२ दिसतं, आणि लोकांना वाटतं दुकानदारानं फसवलं. त्यानं फसवलेलं नसतं. १५० साठी ४० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट लागते. गल्लीत गर्दी असली की राऊटर ती २० वर आणतो, आणि मग एका अँटेनाची कमाल ७२ एमबीपीएस होते. त्यातलं प्रत्यक्ष हातात पडतं साधारण निम्मं. शिवाय हा फक्त २.४ वर चालतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. फ्लॅटमधल्या वीस शेजाऱ्यांनी तेवढ्यातच दाटीवाटीनं बसायचं.

म्हणून नॅनो वाईट असं नाही. उताऱ्याची पीडीएफ काढायची, अर्ज भरायचा, मेल बघायची, तर तो पुरतो. माझी तक्रार त्याच्या जागेबद्दल आहे. लोक तो सीपीयूच्या मागच्या पोर्टात खुपसतात. मागे भिंत, पुढे लोखंडी डबा, आणि अँटेना तांदळाच्या दाण्याएवढी. तोच डोंगल पुढच्या पोर्टात लावून बघा, कधीकधी तेवढ्यानंच काम होतं.

यात माझीही एकदा चांगली जिरली आहे. दुकानातला पीसी नॅनो डोंगलवर चालायचा. लग्नसराईत फोटोंची एक्स्टर्नल हार्ड डिस्क शेजारच्या निळ्या पोर्टात लावली की नेट गायब, आणि कॉपी संपली की परत. दोन दिवस मी नेटवाल्यांना फोन करून भांडत होतो, आणि त्यांची लाईन ठणठणीत होती. ते निळं, म्हणजे यूएसबी ३ चं पोर्ट आणि त्याची केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं, मी वाचलं ते भांडण झाल्यावर. वायरलेस माऊस अडखळतो तोही बरेचदा याच कारणानं. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलाच्या कडेला आणला आणि प्रश्न मिटला.

दुसरी वस्तू ड्युअल बँड डोंगल, अँटेना असलेला, हजाराच्या आसपास. तुमच्या घरी फोनला ५ गिगाहर्ट्झ नीट मिळत असेल तर माझं मत डोळे झाकून याला. डब्यावर 'एसी ६००' असेल तर त्याचा अर्थ ५ वर ४३३ आणि २.४ वर उरलेलं. ही बेरीज फक्त डब्यावरची. दोन्ही बँड एकदम चालत नाहीत. ४३३ मधले प्रत्यक्ष दोनशेच्या आसपास मिळाले तरी घरातल्या १०० एमबीपीएसच्या प्लॅनला ते भरपूर झाले. 'एसी १३००' घ्यायचा तर सीपीयूला यूएसबी ३ चं पोर्ट आहे ना ते बघा. यूएसबी २ ची कागदावरचीच मर्यादा ४८० आहे, त्यामुळे जादा पैसे पोर्टातच अडकतात.

यासोबत मीटरभराची एक्स्टेन्शन वायर घ्या. मी हिला निम्मा अडॅप्टर मानतो. डोंगल टेबलाखालून वर, कपाटाच्या माथ्यावर किंवा दाराच्या चौकटीशी नेता येतो, आणि जी रेंज हजार रुपये जास्त देऊन मिळाली नसती ती तिथे मिळते. फार लांब स्वस्त वायर मात्र घेऊ नका. टोकाला करंट कमी पडतो आणि डोंगल मधेच गळतो.

तिसरी वस्तू आत मदरबोर्डच्या खाचेत बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड. वाय-फाय ६ चं, म्हणजे वाय-फायच्या सहाव्या पिढीचं घेतलं तर दोन-तीन हजारांत जातं. डेस्कटॉप एकाच जागी चार वर्षं राहणार, पोरगा गेम खेळतो, ब्लूटूथही हवं, तर हे सरस. कनेक्शन डोंगलपेक्षा स्थिर राहतं आणि यूएसबीची भानगड नाही. पण जुना ऑफिस डेस्कटॉप बरेचदा सडपातळ, आडवा असतो. त्याला कार्डाच्या टोकाची, स्क्रू लावायची पत्र्याची पट्टी अर्ध्या उंचीची लागते. वडगावात एकांकडे मी गेलो तेव्हा कार्ड आणून ठेवलेलं होतं, सगळं उघडलं, आणि पट्टी दोन बोटं उंच. झाकण बसेना. डब्यात छोटी पट्टी होती का विचारलं, तर डबा रद्दीत गेलेला. घेण्याआधी सीपीयूची रुंदी बघा, आणि डब्यात दोन्ही पट्ट्या आहेत का ते विचारा.

बसवायला अर्धा तास लागतो. सीपीयू बंद करा, वायर उपटा, वायर नसतानाच पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जातो. हात लोखंडी चौकटीला लावून मग कार्ड उचला. सीपीयूच्या मागची, ती खाच झाकणारी पत्र्याची पट्टी काढा, छोट्या खाचेत कार्ड सरळ दाबा, स्क्रू लावा. छोटी खाच रिकामी नसेल तर लांब खाचेतही ते चालतं. आणि एक पातळ वायर उरेल, ती टाकून देऊ नका. ती मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जागेत जाते. "वाय-फाय आलं पण ब्लूटूथ दिसत नाही," असं म्हणणाऱ्यांकडे ती वायर डब्यातच सापडते.

कार्डाचा मोठा तोटा म्हणजे अँटेना मागे, भिंतीकडे तोंड करून. लोहचुंबकाच्या बुडावर उभी राहणारी, वायरनं लांब नेता येणारी अँटेना असलेलं कार्ड मिळालं तर तेच घ्या. आणि फायबरवाल्यांनी दिलेला राऊटर वाय-फाय ५ चा असेल तर ६ चं कार्ड त्याच्याशी ५ चीच भाषा बोलणार. वाय-फाय ७ च्या नादाला तर आत्ता लागूच नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात: आतलं कार्ड बदलता येतं, पण अँटेनाची टोकं इतकी नाजूक की घाईत तुटतात. इंटेलची एएक्स२०१, एएक्स२११ ही कार्डं फक्त इंटेलच्याच, तीही ठरावीक मशीनवर चालतात. एएक्स२१० ला ती अट नाही.

आता जिथे लोक खरे अडकतात ते म्हणजे ड्रायव्हर, विंडोजला ते उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर. डब्यात छोटी सीडी असते आणि मशीनला सीडीचा खण नसतो. ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा तर नेट नाही. दिवा शोधायला दिवा हवा, अशी गत. यावर उपाय खिशातच आहे. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडा, चार्जिंगच्या वायरनं सीपीयूला लावा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनचं वाय-फाय वायरीतून पीसीला मिळतं, मोबाईल डेटा खर्च होत नाही. मग विंडोज अपडेटमधले ऑप्शनल अपडेट बघा, ड्रायव्हर बरेचदा तिथेच असतो. आठवड्यातून एकदाच पीसी लावणाऱ्या एका काकूंना मी हेच कायमचं करून दिलं. त्यांनी काहीच विकत घेतलं नाही.

काही डोंगल लावल्यावर आधी स्वतःच सीडी असल्याचं सोंग घेतात. त्यातला सेटअप चालवला की मग नेटवर्क दिसतं. तरीही 'अननोन डिव्हाइस' असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी उघडा. व्हीआयडीपुढे, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकाच्या जागी, '०बीडीए' असेल तर चिप रिअलटेकची. डब्यावरचं नाव कुठलंही असो, ड्रायव्हर चिपचा लागतो. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत दोन वेगळ्या चिप निघतात, म्हणून खालच्या स्टिकरवरचा आवृत्ती क्रमांकही वाचा.

हे सध्या जास्तच महत्त्वाचं झालंय. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. स्वस्तातले बरेच ऑफिस डेस्कटॉप नेमके त्याआधीचे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकणार असाल तर मीडियाटेकच्या एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू चिपचा डोंगल घ्या, लावला की चालतो. रिअलटेकच्या बऱ्याच चिपना नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा नवा गाभा लागतो, नाहीतर ड्रायव्हर स्वतः कोडवरून रांधायला बसावं लागतं.

लावून झाल्यावर दोन सेटिंगं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॉवर मॅनेजमेंटखालची, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा. पीसी झोपेतून उठल्यावर नेट नसण्याचं हे नेहमीचं कारण. आणि अॅडव्हान्स्डमध्ये 'प्रिफर्ड बँड' असेल तर तिथे ५ निवडा. पासवर्ड बरोबर असूनही जुना डोंगल जोडलाच जात नसेल तर राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर आहे का बघा, तो जुनी डब्ल्यूपीए२ सुद्धा घेईल असा करा.

राहिली वायर. राऊटर आणि सीपीयू एकाच मजल्यावर असतील आणि भिंतीच्या कडेनं लॅन केबल नेता येत असेल तर यातलं काहीच घेऊ नका. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. जुन्या डेस्कटॉपला लॅनचं पोर्ट असतंच, ड्रायव्हरची कटकट क्वचित. पण केबल अंगणातून दुसऱ्या घरात न्यायची असेल तर मी नको म्हणतो. एप्रिल-मेच्या वळवात जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या तारेत झटका उतरतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं एकदम जातात. आमच्या पाहुण्यांकडे एका संध्याकाळी राऊटर आणि मदरबोर्डचं पोर्ट दोन्ही गेली. तिथे वाय-फायच बरं.

खानापूर तालुक्यातल्या मामांकडे तर केबल आतूनही टिकली नाही. कौलाखालून नेलेली, महिन्याभरात उंदरांनी कुरतडली. मामा म्हणाले, "फोनला नेट येतंय आणि ह्या डब्याला का येत नाही रे?" फोन ते सोप्यात बसून बघायचे, सीपीयू आतल्या खोलीत, मधे चिऱ्याची भिंत. ५ गिगाहर्ट्झ तिथे पोचतच नव्हता. ३०० लिहिलेला, लांब अँटेनाचा, फक्त २.४ वर चालणारा डोंगल आणला, दोन मीटरची वायर लावली आणि तो दाराच्या चौकटीवर खिळ्याला अडकवला. तिथून राऊटर सरळ दिसतो, दार उघडं असलं की. पंचवीस-तीस एमबीपीएस येतात. मुंबईच्या नातवाशी व्हिडिओ कॉल न अडकता होतो.

"आणि दार लावलं तर?" मामींनी विचारलं. लावून बघितलं. लाकडाचं दार, चारेक एमबीपीएस कमी झाले.